पाय धावले, हात अडले

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह आयबीएमच्या 'डीप ब्लू' या संगणकाशी बुद्धिबळाचे सहा डाव खेळला आणि हरला. त्या सामन्याच्या चित्रफितींत कास्पारॉव्हच्या समोर एक माणूस बसलेला दिसतो. तो खेळत नव्हता. संगणकाची चाल पडद्यावर वाचायची, मोहरा उचलून सांगितलेल्या घरात ठेवायचा आणि घड्याळाची कळ दाबायची, एवढंच त्याचं काम. २०१६ मध्ये सोलला 'अल्फागो' या संगणक-प्रणालीनं 'गो' या खेळात कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडॉल याला हरवलं, तेव्हाही पटावर सोंगट्या ठेवायला माणूसच होता. जगज्जेत्याला नमवणारी बुद्धी तयार होती, पण पटावरचा घोडा उचलायला हात उसना आणावा लागला. एवढ्या कामापुरता यांत्रिक हात तेव्हाही करता आला असता, नाही असं नाही. पण तो करायचा कशाला? माणसाचा हात खात्रीचा होता आणि जवळजवळ फुकट.

रोबोट उद्योग येत्या पाच-सात वर्षांत कुठे जाईल याचा अंदाज बांधायचा, तर माझ्या मते या हाताकडेच बघायला हवं. सध्या मात्र सगळ्यांच्या नजरा पायांवर आहेत. १९ एप्रिल २०२५ रोजी बीजिंगमध्ये अर्धमॅरेथॉन झाली. तीत माणसांच्या शेजारच्या मार्गिकेतून २१ ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारख्या घडणीचे दोन पायांचे रोबोट धावले. पहिला आला 'तिएनगोंग अल्ट्रा'. त्याला २ तास ४० मिनिटं ४२ सेकंद लागली, वाटेत तीनदा बॅटरी बदलावी लागली आणि एकदा तो पडलाही. माणसांतला विजेता १ तास २ मिनिटांत पोचला होता. २१ पैकी सहाच रोबोटांनी शर्यत पुरी केली. कोणी सुरुवातीलाच आडवे झाले, कोणी कठड्यावर आदळले. समाजमाध्यमांवर लोक पोट धरून हसले.

हसण्याआधी दहा वर्षं मागे जायला हवं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'दार्पा' या संस्थेनं कॅलिफोर्नियात पोमोना इथे रोबोटांची स्पर्धा घेतली. दार उघडून आत जाणं, झडप फिरवणं, जिना चढणं अशी कामं होती. जगातल्या नामवंत प्रयोगशाळांचे रोबोट तिथे दाराची कडी धरता धरता कोसळत होते. तिथपासून २१ किलोमीटर धावण्यापर्यंतची मजल लहान नाही. ती मारता आली ती आभासी सरावामुळे. संगणकात रोबोटची हुबेहूब प्रतिकृती करतात, तिला लाखो वेळा धडपडू देतात आणि ज्या हालचालीनं तोल सावरला ती पक्की करत जातात. शिकलेलं सगळं मग खऱ्या धडात उतरवतात. पायांच्या बाबतीत ही युक्ती छान चालते, कारण पाय आणि जमीन यांचा संबंध तसा सोपा आहे. दोन्ही बऱ्यापैकी कडक. पाऊल टेकलं किंवा उचललं, यापलीकडे फारशा भानगडी नाहीत. संगणकातलं गणित आणि प्रत्यक्षातली फरशी यांत फरक पडतो, पण तो निभावून नेता येतो.

हाताचं तसं नाही. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडणारी बोटं काय करतात ते आठवून पाहा. उकड किती मऊ आहे, कुठे पातळ झाली आहे, तेल कमी पडतंय का, चिमटा किती घ्यायचा, हे सगळं बोटं क्षणाक्षणाला जोखतात, तेही डोळे दुसरीकडे आणि गप्पा चालू असताना. माणसाच्या हातात २७ हाडं आहेत, हे शाळेत शिकवतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० संवेदक आहेत. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाचे रोलांड योहान्सन यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काडेपेटीतून काडी काढून पेटवायला माणसाला काही सेकंद लागतात. त्याच माणसाची बोटांची टोकं बधिर केली की स्नायू शाबूत, डोळे शाबूत, तरी काडी हातातून निसटते, उलटी धरली जाते आणि कितीतरी पट जास्त वेळ जातो. आजच्या बहुतेक रोबोटांचे हात या बधिर बोटांसारखेच आहेत. कॅमेरे उत्तम, मोटारी उत्तम, स्पर्श जेमतेम.

यात नवल वाटावं असं एक उदाहरण शस्त्रक्रियेतलं आहे. 'दा विंची' या शल्यरोबोटला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली आणि जगभर लाखो शस्त्रक्रिया त्यानं झाल्या. पण सर्जनच्या बोटांना ऊतींचा ताण जाणवून देण्याची सोय त्यात आली ती २०२४ च्या नव्या आवृत्तीत. जवळजवळ पाव शतक सर्जन केवळ नजरेवर टाके घालत होते. टाका ताणला जातोय हे धाग्याकडे बघून ओळखायचं. त्यांना ते साधलं, कारण हातांमागचा मेंदू माणसाचा होता.

मग गेली साठ वर्षं कारखान्यांतले रोबोट चालले कसे? हाताचा प्रश्न न सोडवता, त्याला वळसा घालून. जॉर्ज डेव्होल यांनी १९५४ मध्ये यंत्रहाताच्या पेटंटसाठी अर्ज केला. जोसेफ एंगलबर्गर यांनी त्यातून धंदा उभारला. १९६१ मध्ये त्यांचा 'युनिमेट' न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डायकास्टिंग मशीनमधून तापलेले भाग बाहेर काढायला उभा राहिला. युनिमेट आंधळा होता आणि त्याला स्पर्शही नव्हता. भाग ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात, ठरलेल्या क्षणी आला तरच त्याची पकड बसायची. म्हणून माणसांनी सगळी मांडणीच त्याच्या सोयीनं केली.

चाकणच्या कुठल्याही मोटार कारखान्याच्या बॉडी शॉपमध्ये आजही हेच तत्त्व दिसतं. पत्र्याचे भाग फिक्स्चरमध्ये, म्हणजे ते जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बसवतात, क्लॅम्प आवळले जातात आणि मग रोबोटची वेल्डिंग गन ठरलेल्या बिंदूंवर ठिणग्या उडवत जाते. पत्रा दोन मिलिमीटर सरकलेला असेल तर साध्या रोबोटला ते कळत नाही. तो दोन मिलिमीटर चुकीच्या जागी, पण अत्यंत नेमकेपणानं, टाका मारतो. त्यामुळे रोबोट घ्यायचा म्हटलं की खर्च नुसत्या रोबोटचा नसतो. फिक्स्चर, ग्रिपर, कुंपण, सेन्सर, कन्व्हेअर आणि हे सगळं जुळवून देणाऱ्या इंटिग्रेटरची फी धरली, तर भोवतालचा पसारा बऱ्याचदा रोबोटपेक्षा महाग पडतो. वर मॉडेल बदललं की फिक्स्चर भंगारात. मोठ्या गाडी कंपनीला हे परवडतं. भोसरीतल्या, दर आठवड्याला वेगळा जॉब लावणाऱ्या छोट्या वर्कशॉपला परवडत नाही. रोबोट लाखो विकले जाऊनही लहान उद्योगांत फारसे का शिरले नाहीत, याचं मुख्य कारण हे आहे.

आकडेही तेच सांगतात. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये जगात ५,४२,००० औद्योगिक रोबोट नव्यानं बसले. त्यांतले २,९५,००० एकट्या चीनमध्ये. भारतात ९,१००, म्हणजे चीनच्या बत्तिसाव्या भागाहून थोडे कमी, आणि त्यांतले जवळपास निम्मे वाहन उद्योगात. तरीही त्या वर्षीच्या क्रमवारीत भारत जगात सहावा होता. यावरून पहिल्या क्रमांकाची उंची कळते. दुसरी लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे जगभरचा वार्षिक आकडा चार वर्षं पाच लाखांच्या वरच घुटमळतो आहे. ठरलेल्या जागी ठरलेलं काम करणाऱ्या रोबोटची बाजारपेठ मोठी आहे, पण ती आता उसळ्या मारत नाही. पुढची वाढ हवी असेल तर रोबोटला पसाऱ्यात हात घालता आला पाहिजे.

पहिलं पाऊल कोबॉटांनी, म्हणजे माणसाच्या जोडीनं काम करणाऱ्या रोबोटांनी, टाकलं. डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीनं २००८ मध्ये हलका, कुंपणाशिवाय माणसाशेजारी उभा राहू शकणारा, हाताला धरून शिकवता येणारा रोबोट विकायला काढला. बजाज ऑटोनं २०१० पासून तो आपल्या कारखान्यांत आणला आणि पुढे शंभराहून जास्त कोबॉट लावले. कोबॉटनं कुंपण घालवलं, प्रोग्रॅमिंग सोपं केलं. पकड मात्र जुनीच राहिली.

दुसरी वाट गोदामातून आली आणि ती जास्त रंजक आहे. अॅमेझॉननं २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. किवाचे रोबोट म्हणजे जमिनीलगत सरपटणारे चपटे ठोकळे. ते अख्खं कपाट पाठीवर उचलतात आणि माणसापुढे आणून उभं करतात. कपाटातली वस्तू काढायची ती माणसानं. म्हणजे इथेही चालण्याचं काम यंत्राला आणि हाताचं काम माणसाला. २०२५ च्या मध्यात अॅमेझॉनच्या ताफ्यातला दहा लाखावा रोबोट कामाला लागला, तरी कपाटात हात घालण्यासाठी माणसं उभीच आहेत. ही अडचण अॅमेझॉनला आधीच ठाऊक होती. तिनं २०१५ मध्ये कपाटातून वस्तू उचलण्याची स्पर्धाच भरवली. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ १२ पैकी १० वस्तू काढून जिंकला. त्यांनी बोटांच्या नादी न लागता रोबोटच्या हाताला बाजारातला साधा व्हॅक्यूम क्लीनर जोडला होता आणि वस्तू ओढून घेतल्या होत्या! अभियांत्रिकीत असा आडमार्ग अनेकदा सरळ मार्गाला मागे टाकतो. मे २०२५ मध्ये अॅमेझॉननं 'व्हल्कन' दाखवला. कप्प्यातल्या गर्दीत हात सरकवताना किती जोर लागतोय हे त्याला जाणवतं, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार गोदामातल्या सुमारे ७५ टक्के प्रकारच्या वस्तू तो हाताळतो. जमलं नाही की तो माणसाला हाक मारतो. नजीकच्या भविष्याचं खरं चित्र मला या 'जमलं नाही की हाक मारतो'मध्ये दिसतं.

आता शिकवण्याच्या नव्या पद्धतीकडे. चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या प्रारूपांना भाषा आली, कारण इंटरनेटवर मजकुराचा डोंगर पडलेला होता. रोबोटच्या बाबतीतही तसंच करू, असं २०२३ पासून अनेकांनी मनावर घेतलं. गुगलनं त्या वर्षी 'आरटी-२' हे प्रारूप आणलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिजिकल इंटेलिजन्स या कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ड्रायरमधून कपडे काढून घड्या घालणारा रोबोट दाखवला. त्याला एकेक हालचाल लिहून दिलेली नव्हती. सुमारे १०,००० तासांच्या रोबोट-हालचालींवर तो शिकला होता. कपड्याची घडी ही किरकोळ गोष्ट वाटते, पण कापडाला स्वतःचा आकार नसतो. प्रत्येक वेळी ते वेगळंच पडतं. फिक्स्चरमध्ये न बसणाऱ्या वस्तूंत ते सगळ्यांत वरचं. शिवणकामात रोबोट अजून फारसा का आला नाही, याचंही उत्तर यातच आहे.

पण मजकुराचा डोंगर होता तसा स्पर्शाचा डोंगर कुठेच नाही. किती जोरात दाबलं, कुठे घसरलं, हे आजवर कोणी नोंदवून ठेवलेलं नाही. म्हणून ते आता तयार करवून घेतलं जातंय. शांघायच्या अॅजीबॉट कंपनीनं शंभर रोबोट मांडून, माणसांकरवी ते चालवून दहा लाखांहून जास्त हालचालींचा साठा केला. आपल्याकडे तमिळनाडूतल्या करूरमध्ये, जे गाव टॉवेल आणि चादरींसाठीच ओळखलं जातं, तरुण मुलं कपाळावर कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात. घडी चुकली, हात चौकटीबाहेर गेला, की तो व्हिडिओ बाद. हे व्हिडिओ अमेरिकेतल्या रोबोट कंपन्यांना जातात. येत्या काही वर्षांत हा धंदा भारतात वाढेल, असं मला वाटतं. पूर्वी आपण चित्रांवर चौकोन आखून संगणकाला मांजर आणि कुत्रा ओळखायला शिकवलं. आता हातांचं कसब टिपून पाठवू. त्याचा मोबदला कसबाच्या मोलानं मिळेल की तासाच्या दरानं, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. पैठणी विणणाऱ्याच्या किंवा दागिने घडवणाऱ्याच्या हातांना कॅमेरा लागला, तर तो नुसता मजुरीचा प्रश्न राहणार नाही.

याच्या जोडीला दुसरा एक प्रकार रुजतो आहे, दुरून हात चालवण्याचा. टोकियोतल्या फॅमिलीमार्ट दुकानांत टेलेएग्झिस्टन्स कंपनीचे रोबोट शीतपेयांच्या बाटल्या फळीवर लावतात. बाटली आडवी पडली की मनिलामध्ये बसलेला ऑपरेटर चष्मा चढवतो आणि दुरून ती उचलतो. वन-एक्स कंपनीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये 'निओ' हा घरगुती ह्युमनॉइड जाहीर केला. किंमत २०,००० डॉलर, किंवा महिन्याला ४९९ डॉलर भाडं. त्याला न येणारं काम असेल, तर मालकाच्या परवानगीनं कंपनीचा माणूस रोबोटच्या डोळ्यांतून घर बघत ते करणार. आवाज आणि इंग्रजी विकून पुण्या-मुंबईतल्या एका पिढीनं कॉल सेंटरमध्ये रात्री काढल्या. पुढची पाळी हातांची असू शकते. व्हिसा नको, विमान नको, फक्त हात सातासमुद्रापार जाणार. श्रीमंत देशांना परदेशी माणूस नको असतो, त्याचे श्रम हवे असतात. त्यांच्या दृष्टीनं ही सोय फारच उत्तम.

नुसते व्हिडिओ पाहून बोटांना शहाणपण येईल का, यावर जाणकारांत सरळसरळ दोन तट आहेत. रॉडनी ब्रूक्स यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये विस्तारानं लिहिलं की स्पर्शाची माहिती नसताना हे ह्युमनॉइड हाताचं कसब शिकणार नाहीत. ब्रूक्स हे काही काठावर बसून बोलणारे टीकाकार नव्हेत. एमआयटीत त्यांनी आयुष्य काढलं आणि घरोघरी फरशी झाडणारा 'रूम्बा' बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीचे ते एक संस्थापक. दुसऱ्या तटावर इलॉन मस्क, एनव्हिडिया आणि अब्जावधी डॉलर ओतणारे गुंतवणूकदार. गंमत म्हणजे हात आणि कोपरापुढचा भाग हीच सगळ्यांत अवघड गोष्ट आहे, हे मस्कही मान्य करतात.

प्रत्यक्ष कारखान्यातला पुरावा अजून थोडा आहे, पण बोलका आहे. फिगर कंपनीचा 'फिगर ०२' हा ह्युमनॉइड अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात अकरा महिने होता. काम एकच: पत्र्याचे भाग उचलून वेल्डिंगच्या फिक्स्चरमध्ये ठेवायचे. कंपनीच्याच अहवालानुसार त्यानं १,२५० तासांत ९०,००० हून जास्त भाग ठेवले. सर्वाधिक वेळा बिघडला तो त्याचा कोपरापुढचा हात. मनगट फिरवणाऱ्या मोटारी, वायरी, सेन्सर हे सगळं तेवढ्याशा जागेत कोंबलेलं, आणि दिवसभराच्या पिळानं वायरी दगा देत होत्या. माणसाच्या हातात स्नायू बऱ्याच अंशी मनगटाच्या मागे आणि बोटांत फक्त कंडरा, अशी वाटणी आहे. अभियंते शेवटी त्याच वाटणीकडे येताहेत.

मग या कामाला पाय हवेत कशाला, असा प्रश्न कोणताही शॉप फ्लोअर सांभाळणारा माणूस विचारेल, आणि तो रास्त आहे. ह्युमनॉइडवाले म्हणतात, जग माणसाच्या मापानं बांधलेलं आहे. जिने, दारं, ट्रॉल्या, हत्यारं, सगळं. घरापुरतं ते पटतं. पण कारखान्याची फरशी सपाट असते. शिवाय सुरक्षेचा एक पेच आहे. कारखान्यातलं कुठलंही यंत्र लाल बटण दाबलं की वीज तुटून जागच्या जागी थांबतं. दोन पायांच्या रोबोटची वीज तोडली तर तो थांबत नाही, कोसळतो, आणि शेजारी माणूस असेल तर त्याच्या अंगावर. अशा तोल सांभाळत उभ्या राहणाऱ्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आत्ता कुठे लिहिलं जातंय. चीनच्या युनिट्री कंपनीच्या 'जी-१' या ह्युमनॉइडची बॅटरी दोनेक तास चालते, आपली पाळी आठ तासांची. माझा कयास असा की येती पाच वर्षं कारखान्यात आणि गोदामात कामाला येतील ते चाकांवरचे, दोन हातांचे, स्टुलाच्या उंचीपासून माणसाच्या उंचीपर्यंत वरखाली होणारे रोबोट. पायांचे रोबोट जाहिरातीत दिसतील.

अशा जाहिरातींचे व्हिडिओ बघताना काही गोष्टी तपासाव्यात. चित्रफितीचा वेग वाढवलेला आहे का? कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. रोबोट स्वतः करतोय की पडद्यामागे कोणी चालवतंय? ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाच्या समारंभात पाहुण्यांशी गप्पा मारणाऱ्या 'ऑप्टिमस' या ह्युमनॉइडमागे माणसं होती, हे नंतर बाहेर आलं. वस्तू पहिल्यांदाच समोर आली आहे की सरावातली आहे? आणि सगळ्यांत कामाचं म्हणजे, किती वेळा केलं तर किती वेळा जमलं? शंभरात पंच्याण्णव वेळा जमणं प्रयोगशाळेत टाळ्या मिळवतं. लाइनवर मात्र प्रत्येक विसाव्या गाडीला लाइन थांबते.

हाताचा, कोपराचा, खांद्याचा विषय निघाला की सांधा आला, आणि सांध्यातच या उद्योगाचं राजकारण आहे. मोटार वेगानं फिरते, सांध्याला मात्र संथ आणि ताकदीचं फिरणं लागतं. मध्ये गिअरबॉक्स हवा, आणि त्यात जराही ढिलेपणा चालत नाही. वॉल्टन मसर या अमेरिकनानं १९५० च्या दशकात लवचीक दातेरी चकतीची कल्पना काढली. तिच्यावर जपानच्या हार्मोनिक ड्राइव्ह सिस्टिम्सनं आणि थोड्या वेगळ्या रचनेवर नाब्तेस्कोनं दशकानुदशकं राज्य केलं. चीननं आता तेही भाग बनवायला घेतले. चीनमध्ये २०२४ साली बसलेल्या रोबोटांपैकी ५७ टक्के चिनी कंपन्यांचे होते. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण त्याच्या निम्म्यावर होतं. जर्मनीची रोबोट कंपनी कुका २०१६ मध्येच चीनच्या मिडिया कंपनीकडे गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या एबीबी कंपनीनं आपला रोबोट विभाग सुमारे ५.४ अब्ज डॉलरला जपानच्या सॉफ्टबँकेला विकण्याचा करार जाहीर केला. रूम्बाची आयरोबोट डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली आणि तिच्यासाठी माल बनवून देणारी शेन्झेनची कंपनीच तिची मालक होऊ घातली. युनिट्रीनं 'जी-१' ९९,००० युआनला विकायला काढला, पुढच्याच वर्षी 'आर-१' ३९,९०० युआनला. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. दीडशेहून जास्त कंपन्या एकसारखे ह्युमनॉइड बनवताहेत, हा फुगा आहे, असा इशारा चीनच्या नियोजन आयोगानंच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. फुगा फुटला तरी सांधे बनवणारे कारखाने मागे उरतील, आणि माझ्या लेखी महत्त्वाचे तेच.

सांध्यातल्या मोटारीला दुर्मीळ मृदा धातूंची चुंबकं लागतात. चीननं एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा मस्क यांनी ऑप्टिमसवर परिणाम होत असल्याचं सांगितलं. आकुर्डीच्या बजाजलाही त्याच चुंबकांअभावी त्या उन्हाळ्यानंतर चेतक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. रोबोट बनवणारा आणि स्कूटर बनवणारा एकाच खिडकीसमोर रांगेत उभे होते.

भारतात रोबोट बनवणारे नाहीत असं नाही. नॉयडाच्या अॅडव्हर्बमध्ये रिलायन्सनं २०२२ मध्ये मोठा हिस्सा घेतला, गोदामातले तिचे रोबोट चांगले चालतात. गुरुग्रामच्या एसएस इनोव्हेशन्सचा 'मंत्रा' हा शल्यरोबोट आहे. पण आपली खरी ताकद रोबोट लावून देण्यात आहे. पुणे-चाकण-नाशिक पट्ट्यातले इंटिग्रेटर, फिक्स्चर आखणारे डिझायनर, रोबोटला बिंदू शिकवणारं टीच पेंडंट हातात धरून रात्रपाळीत सेल सुरू करून देणारी आयटीआयची आणि डिप्लोमाची मुलं, ही ती ताकद. रोबोट बघून-शिकून काम करू लागले तर फिक्स्चरचं काम घटेल, आणि या मुलांना मिलिमीटरच्या बिंदूंऐवजी रोबोटच्या चुका वाचायला शिकावं लागेल. माझ्या पाहण्यातला अभ्यासक्रम अजून बिंदूंवरच आहे.

तळेगावच्या कारखान्याकडे बघितलं की या उद्योगाची सगळी वंशावळ एका जागी दिसते. तो जनरल मोटर्सचा होता, म्हणजे पहिला युनिमेट लावणाऱ्या कंपनीचा. ती गेली, ह्युंदाई आली, आणि २०२५ मध्ये तिथून ह्युंदाईच्या गाड्या निघू लागल्या. हीच ह्युंदाई २०२१ पासून 'अॅटलस' हा ह्युमनॉइड बनवणाऱ्या बोस्टन डायनॅमिक्सची मालक आहे. जानेवारी २०२६ मध्ये तिनं जाहीर केलं की अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या तिच्या कारखान्यात २०२८ पासून अॅटलस सिक्वेन्सिंग करेल. लाइनवर गाड्या ज्या क्रमानं येणार त्या क्रमानं ट्रॉलीत भाग लावून ठेवणं, हे ते काम. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी कंत्राटी मुलं करतात. कोरियातल्या ह्युंदाईच्या कामगार संघटनेनं लगेच बजावलं की आमच्याशी करार झाल्याशिवाय एकही रोबोट आत येणार नाही. कंत्राटी मुलांना अशी संघटना नसते. पण त्यांचा पगारही इतका कमी आहे की अॅटलसला त्यांची जागा घ्यायची घाई होणार नाही.

स्वस्त हाताचं हे गणित सगळ्यांत उघडं दिसतं ते मॅनहोलपाशी. केरळमध्ये जेनरोबोटिक्स या कंपनीतल्या तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये 'बँडिकूट' तयार केला. वर चौकट उभी राहते, खाली कॅमेरा आणि यंत्राचा हात उतरतो, गाळ उपसतो, चोंदलेलं मोकळं करतो. या हाताला मोदक वळायचे नाहीत, टॉवेलची घडी घालायची नाही. लागणारं कसब आज उपलब्ध आहे, आणि बँडिकूट अनेक शहरांत कामावर आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला अशा कामात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मृताच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तरीही सरकारी आकड्यांनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसं मेली. यंत्र घ्यायचं तर महापालिकेला निविदा काढावी लागते, अंदाजपत्रकात तरतूद लागते, देखभालीचा करार लागतो. माणूस उतरवायला कंत्राटदाराचा एक फोन पुरतो.